पेठांचा सामूहिक डिजिटल नकाशा: घर क्रमांक, बोळ, मराठी नावं कशी भरायची?

बोळातून_बोळात (प्रश्न)

पुण्याच्या मध्यवस्तीतल्या पेठांचा (सुरुवातीला कसबा, शनिवार, नारायण आणि सदाशिव) बारकाईचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येणारा खुला नकाशा) उभा करायचा बेत आहे. जमल्यास पुढे सगळं शहर. गटात वीसेक जण आहेत, बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन, लॅपटॉप चारच. सुट्टीच्या सकाळी दोन-तीन तास मिळतील.

मोठे रस्ते आधीच आहेत. नाहीत ते घर क्रमांक, बोळ, दुकानं, सार्वजनिक स्वच्छतागृहं, पाणपोया, बसथांबे आणि मराठी नावं. तर अडचणी अशा:

१) कामाचे तुकडे कसे पाडायचे? ॲप कोणतं?
२) बोळात जीपीएस भरकटतं. जागा अचूक कशी लावायची?
३) "१२३४, सदाशिव पेठ" अशा पत्त्यात रस्त्याचं नावच नसतं. हे कोणत्या रकान्यात जातं?
४) वाड्याच्या पोटातून जाणारे बोळ कसे दाखवायचे?
५) गूगलवर किंवा महापालिकेच्या नकाशात दिसणारी नावं घेतली तर चालतील का?

शेवटी एक मोठा छापील मराठी नकाशाही काढायचा आहे.

---

नोडवाला

पाचव्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीचं काम उलटवलं जातं. गूगलवरून काहीही घ्यायचं नाही. नाव नाही, दुकानाची जागा नाही, घर क्रमांक नाही. स्ट्रीट व्ह्यूसुद्धा नाही. २०२२ पासून पुण्यात स्ट्रीट व्ह्यू आहे, त्यामुळे घरबसल्या पाट्या वाचून भरायचा मोह होतो, पण परवान्यात ते बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा विदा (डेटा) २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे आणि आत येणारी प्रत्येक गोष्ट त्याखाली पुढे देता आली पाहिजे. महापालिकेचा नकाशा संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो, एवढ्याने तो मोकळा होत नाही. लेखी परवानगी घ्या, तिची प्रत ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर लावा, मग वापरा. मॅपिलरीवरचे रस्त्याचे फोटो चालतात. सगळ्यात सोपं म्हणजे स्वतः जाऊन पाटी वाचणं.

आता तुकडे. वीस जणांना "सदाशिव पेठ करा" असं सांगू नका. रस्त्यांनी वेढलेला एक ठोकळा म्हणजे एक तुकडा. हद्द रस्त्याच्या मध्यातून धरा आणि जोडीला सांगा की ठोकळा उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या दिशेने फिरा आणि फक्त उजवीकडची दर्शनी बाजू नोंदवा. समोरची बाजू शेजारच्या तुकड्याची. हा नियम नसला की लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी एकच दुकान दोन जोड्या दोनदा भरतात आणि नेमकं तिसरं कुणीच भरत नाही.

कागद लागतोच. ए-४ आडवा, १:१००० प्रमाणात छापला तर २९७ बाय २१० मीटर जागा मावते, समास सोडून साधारण २७० बाय १९०. पेठेतले एक-दोन ठोकळे त्यात बसतात. घनदाट भागात १:५०० घ्या, नाहीतर दोन बोटांच्या रुंदीत पंधरा दुकानं लिहायची वेळ येते. इमारतींच्या बाह्यरेषा आधी घरी बसून काढा आणि मगच छापा. कोऱ्या कागदावर जागेवर इमारती काढणं हा वेळेचा चुराडा आहे.

जोडीतल्या एकाने कागद सांभाळायचा, दुसऱ्याने फोन. फोनवर दोन ॲप पुरतात. स्ट्रीटकम्प्लीट नवशिक्यांसाठी: ते नुसते प्रश्न विचारतं (या इमारतीचा क्रमांक काय, किती मजले, रस्त्याला दिवे आहेत का) आणि टॅग (वस्तूचा प्रकार किंवा तपशील सांगणाऱ्या नोंदी) माहीत नसले तरी काम होतं. ते फक्त अँड्रॉइडवर आहे. दुकानं भरायला मात्र एव्हरी डोअर. ते आयफोनवरही चालतं आणि दुकानांची यादी अंतराच्या क्रमाने दाखवतं. जुन्या दुकानाची नोंद "अजून आहे" अशी एका टिचकीत ताजी होते. रेषा काढण्याचं काम फोनवर करू नका. ते लॅपटॉपवर, सोपं असेल तर आयडीमध्ये (ब्राउझरमध्येच चालणारा संपादक), इमारती आणि बोळ जोसममध्ये (उतरवून घ्यायचा, जास्त ताकदीचा संपादक).

दोघांना दीड-दोन तासांत एक कागद होतो. तेवढाच वेळ, बहुधा थोडा जास्तच, घरी भरायला लागतो. म्हणून सकाळी फिरणं आणि त्याच दिवशी भरणं. आठवड्याने अक्षर स्वतःलाही लागत नाही. भरलेला तुकडा दुसऱ्या जोडीने तपासल्याशिवाय तुकड्यांच्या यादीत हिरवा, म्हणजे पूर्ण, करायचा नाही.

उघडण्याच्या वेळा भरताना एक सूचना. दुकान दुपारी १ ते ४ बंद असेल तर तसंच भरा: सोमवार ते शनिवार ९ ते १, मग स्वल्पविराम, ४ ते साडेआठ. यात विनोद काही नाही. ९ ते साडेआठ अशी सलग वेळ भरली तर ॲप लोकांना अडीच वाजता बंद शटरसमोर आणून उभं करतं.

---

पर्वती_पायथा

जीपीएसबद्दल. मोकळ्यावर साध्या फोनची चूक ३ ते ५ मीटर असते. दोन्ही बाजूंनी चार मजले आणि मधे दोन मीटरचा बोळ अशा ठिकाणी ती १० ते २० वर जाते, कारण उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन त्यालाच खरा मानतो. थांबून सरासरी घेतली तरी फायदा थोडाच, कारण चूक एकाच बाजूला झुकलेली असते. त्यामुळे पेठेत जीपीएसच्या रेघेवरून बोळ काढायचा नाही. बोळ कुठून सुरू होतो, कुठे वळतो, कुठे संपतो एवढंच त्यावरून ठरवायचं. जागा लावायची ती उपग्रहचित्रावरून.

पण चित्रही सरकलेलं असू शकतं. बिंग आणि एस्रीची चित्रं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि नवीन चित्र आलं की सरक बदलते. ती मोजायची पद्धत अशी: मुठेवरचे पूल, मोठी मैदानं, रुंद सरळ रस्ते अशा मोकळ्या जागा निवडा. दोन्ही दिशांनी जाऊन किमान पाच-सहा जीपीएक्स रेघा (चालताना फोनने जीपीएसवरून नोंदलेले मार्ग) गोळा करा, एकच दिशा नको. जोसममध्ये त्या सगळ्या एकत्र उघडा आणि चित्र सरकवून रस्त्याची मध्यरेषा रेघांच्या गठ्ठ्याच्या मधोमध आणा. मिळालेली सरक गटात सगळ्यांना सांगा. प्रत्येकाने आपापली लावली की शेजारच्या दोन तुकड्यांच्या इमारती एकमेकींत घुसतात. पेठा सपाट आहेत, एकच सरक पुरेल. पुढे पर्वती, तळजाई किंवा वेताळ टेकडीकडे गेलात की उंचीमुळे तीच सरक लागू पडत नाही, तिथे परत मोजा.

दुसरी भानगड गच्चीची. चित्र तिरपं घेतलेलं असतं, म्हणून गच्ची पायापासून सरकलेली दिसते. बारा मीटर उंच इमारत आणि २० अंशांचा तिरपेपणा धरला तर गच्ची चार मीटरहून थोडी जास्तच सरकते. दोन मीटरच्या बोळाचं काय होणार ते उघड आहे: बोळ पूर्ण झाकला जातो किंवा शेजारच्या वाड्यातून गेल्यासारखा दिसतो. उपाय सोपा. गच्चीची बाह्यरेषा काढा, क्यू ही कळ दाबून काटकोन करून घ्या आणि मग तो आख्खा आकार उचलून पायाच्या कोपऱ्यावर आणून ठेवा. जुने वाडे मात्र काटकोनात नसतात. तिथे क्यू दाबला तर खऱ्या तिरक्या भिंती सरळ होतात आणि बोळाची रुंदी खोटी पडते.

गूगल आणि मायक्रोसॉफ्टने यंत्राकडून काढून घेतलेल्या इमारतींच्या बाह्यरेषा मोकळ्या परवान्यात मिळतात. बाणेर-बालेवाडीकडे त्या बऱ्या आहेत, कारण सोसायट्या सुट्या उभ्या आहेत. पेठेत भिंतीला भिंत असल्यामुळे यंत्राला आठ वाडे म्हणजे एकच ढेकूळ दिसतं. ते ढेकूळ तोडत बसण्यापेक्षा हाताने नव्याने काढणं लवकर होतं.

फोटोंबद्दल एक. वेगळा कॅमेरा वापरून फोटो जीपीएक्सशी जुळवणार असाल तर जोसममध्ये वेळेचा फरक +५:३० द्या. जीपीएक्स यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतं, कॅमेरा आपल्या वेळेत. हे राहिलं तर जोसम फोटो जुळवतच नाही आणि लोकांना वाटतं फाइल बिघडली. सुरुवातीला फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवलात की सेकंदांचाही फरक काढता येतो.

---

लेयर_दोन

३ आणि ४ चं उत्तर देतो. टॅग इथे देवनागरीत लिहितोय, भरताना रोमन लहान अक्षरांत भरायचे आहेत.

पेठेचा पत्ता रस्त्यावर टांगलेला नाही, पेठेवर आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये याची सोय आहे: 'ॲडर:हाउसनंबर' ('ॲडर' हे ॲड्रेसचं लघुरूप) मध्ये क्रमांक आणि 'ॲडर:प्लेस' मध्ये सदाशिव पेठ. 'ॲडर:स्ट्रीट' रिकामा ठेवा. दोन्ही भरले की शोध गोंधळतो. टिळक रस्त्यावरचं दुकान आहे म्हणून स्ट्रीटमध्ये टिळक रोड भरलं तर १२३४ हा क्रमांक टिळक रस्त्याचा ठरतो, आणि टिळक रस्त्याला असा क्रमांकच नाही. पिनकोड 'ॲडर:पोस्टकोड' मध्ये. सदाशिव, नारायण आणि शनिवारला ४११०३०, कसब्याला ४११०११. पेठांच्या हद्दीवर पाटीवरचा पिन पाहा, अंदाजाने भरू नका.

आणखी काही गोष्टी:

क्रमांक शेजारी-शेजारी चढत्या क्रमाने असतील अशी आशा सोडा. मधले क्रमांक यंत्राने भरायची जी पद्धत आहे ती इथे पूर्ण बंद. प्रत्येक क्रमांक डोळ्यांनी पाहिलेला हवा.

दोन वाडे पाडून एक इमारत झाली असेल तर पाटीवर ५१२-५१३ असं असतं. ते अर्धविरामाने जोडून भरा. उलट एका क्रमांकात तीन इमारती असतील तर तिन्हींना तोच क्रमांक, आणि ओळखायला इमारतीचं नाव 'ॲडर:हाउसनेम' मध्ये. १२३४/अ सारखे क्रमांक पाटीवर आहेत तसे.

अंक मात्र इंग्रजी (1, 2, 3). पाटीवर देवनागरी असले तरी. बऱ्याच ॲपमध्ये देवनागरी अंक भरलेला पत्ता इंग्रजी अंकांनी शोधल्यावर सापडत नाही.

फक्त पाटीवरचा क्रमांक घ्या. मिळकत पत्रिकेतला सिटी सर्व्हे क्रमांक, मालकाचं नाव, भाडेकरू यातलं काही नको. घराच्या नावाची पाटी रस्त्यावरून दिसते म्हणून ती चालते. आत कोण राहतं हा नकाशाचा विषय नाही.

आता बोळ. वाड्याच्या पोटातून जाणाऱ्या बोळाची रेषा इमारतीची बाह्यरेषा जिथे जिथे ओलांडते तिथे दोघांना एकच सामायिक बिंदू द्या. त्या दोन बिंदूंवर रेषा तोडा. मधल्या तुकड्याला 'टनेल=बिल्डिंग_पॅसेज'. लेयर (वर-खालची पातळी सांगणारा) टॅग देऊ नका, तो बोळ जमिनीखाली जात नाही. हे केलं नाही तर तपासणी यंत्र "रस्ता इमारतीतून जातो" अशी तक्रार करतं आणि कुणीतरी परगावचा कार्यकर्ता सद्भावनेने तुमचा बोळच पुसून टाकतो. तोंडाशी दार असेल तर त्या बिंदूवर 'बॅरिअर=गेट'. रात्री कुलूप लागतं का ते विचारून वेळ भरा.

दुचाकी जाते पण चारचाकी जात नाही, अशा बोळात लोक 'मोटरकार=नो' भरतात. तो टॅग मनाईचा आहे, म्हणजे तिथे तसा फलक हवा. जागाच नसेल तर 'विड्थ' भरा, किंवा दोन खांबांमधली फट असेल तर 'मॅक्सविड्थ:फिजिकल'. टेप लावून मोजलेली रुंदी 'विड्थ' मध्ये, पावलांनी अंदाजलेली 'एस्ट_विड्थ' मध्ये. सगळ्यात अरुंद जागा मोजायची, तोंडाची रुंदी नाही. बोळ तोंडाशी ऐसपैस आणि आत जिन्याची पायरी बाहेर आलेली, हे नेहमीचं. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी जाईल का हे याच एका आकड्यावर ठरतं, तेव्हा इथे कंजुषी नको.

मधे उघडा चौक असलेला वाडा मल्टिपॉलिगॉन (अनेक रेषा एकत्र बांधणारा 'संबंध', म्हणजे रिलेशन) करा: बाहेरची रेषा आणि आतली रेषा निवडून जोसममध्ये कंट्रोल-बी, आयडीत सी. इमारतीचा टॅग संबंधावर जातो, रेषेवर राहू देऊ नका. आतल्या रेषेवरही तो राहिला तर चौकात दुसरी इमारत उगवते.

---

शिरोरेखा

नावांचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

पुण्यात 'नेम' (नावाचा मुख्य टॅग) मध्ये सध्या बहुतेक इंग्रजी नावं आहेत. ती सरसकट मराठी करू नका. भारतातल्या संपादकांमध्ये यावर एकमत नाही, आणि उलटापालटीच्या भांडणात महिने जातात. तुम्ही 'नेम:एमआर' (मराठी नावाचा टॅग) भरत राहा. ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्समध्ये नकाशाची भाषा मराठी निवडली की तीच नावं दिसतात.

यंत्राकडून लिप्यंतर करून घेऊ नका. 'टिळक' चं तिलक होतं, 'धनकवडी' चं धनकावाडी आणि 'नळस्टॉप' चा नल. २०२२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्या देवनागरीत आल्या आहेत, मग पाटीवरून उतरवून घ्यायला हरकत काय? फोटो काढून नंतर टंकणं उत्तम.

टंकताना एक न दिसणारी चूक होते. "उंबऱ्या" मधला ऱ्या दोन प्रकारे टंकला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षरावरून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा रीतीने. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधात मात्र उंबऱ्या गणपती चौक एकाला सापडतो, दुसऱ्याला नाही. तसंच ॲ चं: एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र. गटातल्या सगळ्यांनी एकच कळपाट (कीबोर्ड) वापरायचा किंवा भरून झाल्यावर ओव्हरपास टर्बोवर (ओपनस्ट्रीटमॅपचा विदा शोधायचं संकेतस्थळ) ते अदृश्य चिन्ह शोधून एका फेरीत दुरुस्त करायचं. मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. फाइली इकडून तिकडे जाताना अदृश्य चिन्हं गळतात.

पेठेत लोक रस्त्याने नाही, चौकाने आणि देवळाने रस्ता सांगतात. पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, नागनाथ पार, पासोड्या विठोबा. म्हणून चौकांना नावं द्या: चौरस्त्याच्या बिंदूवर 'जंक्शन=येस' आणि नाव. देऊळ वेगळा बिंदू, चौक वेगळा, दोन्हींत एकच नाव असलं तरी. अधिकृत आणि रूढ नाव वेगळं असेल तर रूढ नाव 'नेम' मध्ये, पाटीवरचं 'ऑफिशियल_नेम' मध्ये, लघुरूप 'शॉर्ट_नेम' मध्ये. फर्ग्युसन रस्ता असा भरला की "नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ" शोधणाऱ्यालाही सापडतो आणि "एफसी" शोधणाऱ्यालाही. अलका चौक आणि टिळक चौक हेही तसंच.

नोडवाला यांच्याशी एका बाबतीत असहमत. पहिल्याच दिवशी जोसम नको. वीसातले तीन-चार जण शिकले तरी पुरे. बाकीच्यांनी आयडीतच बिंदू भरावेत. फक्त एक ताकीद द्या: आयडीत नकाशा सरकवताना माउस रस्त्याच्या बिंदूवर असला तर नकाशाऐवजी रस्ता ओढला जातो, आणि जतन करताना ते लक्षातही येत नाही. जतन करण्याआधी बदलांची यादी उघडून बघायची. पाच दुकानं भरली आणि यादीत एखादा रस्ता दिसला तर तो बदल मागे घ्या.

---

बोळातून_बोळात

सगळ्यांना धन्यवाद, 'ॲडर:प्लेस' मुळे मोठा प्रश्न सुटला. दोन शंका उरल्या. गणेशोत्सवात मंडप आणि बंद रस्ते नकाशात घ्यावेत का? आणि मेट्रो, उड्डाणपूल, एकेरी रस्ते यांना नवशिक्यांनी हात लावावा का?

---

लेयर_दोन

उत्सवाचे बंद रस्ते मूळ नकाशात घेऊ नका. लोक ॲपमध्ये नकाशा उतरवून ठेवतात आणि तो काही आठवडे तसाच वापरतात. तुम्ही अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता बंद केला आणि दुसऱ्या दिवशी उघडला, तरी मधल्या प्रतीवर चालणाऱ्यांना तो पितृपक्षभर बंदच. यूमॅपवर (ओपनस्ट्रीटमॅपवर आपला थर चढवायचं संकेतस्थळ) वेगळा थर करा, त्यात मंडप, बंद रस्ते, पार्किंग, फिरती स्वच्छतागृहं टाका आणि दुवा वाटा. उत्सव संपला की थर लपवा, पुढच्या वर्षी तोच दुरुस्त करा. मंडळाचं कायमचं देऊळ किंवा कार्यालय असेल तर ते मूळ नकाशात येतं. आठवड्याचा बाजार कायमचा असतो, तो वारासकट भरा.

एकेरी रस्ता: बाण रेषा काढल्याच्या दिशेने जातो. दिशा चुकली तर रेषा उलटवा, पण उलटवल्यावर त्या रेषेवरचे डावा-उजवा असे टॅग तपासा. ठरावीक वेळेपुरता एकेरी असेल तर 'वनवे:कंडिशनल' आणि फलकावरची वेळ. "इथून सगळेच उलटे जातात" हा पुरावा धरायचा नाही, फलकच धरायचा. उजवीकडे वळायला मनाई असेल तर तो वेगळा संबंध असतो: कुठून, कोणत्या बिंदूतून, कुठे. ही कामं जाणत्या दोघा-तिघांकडेच ठेवा.

उड्डाणपुलाबाबत नवशिक्याची चूक एकच आणि ती महाग. पुलाची रेषा खालच्या रस्त्याला जिथे दिसायला छेदते तिथे संपादक आपणहून सामायिक बिंदू सुचवतो, आणि नवखा "हो" म्हणतो. झालं, मार्गदर्शक ॲप पुलाच्या मध्यावर "उजवीकडे वळा" सांगायला मोकळं. नळस्टॉपला खाली कर्वे रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तिथे रस्त्याला लेयर नाही, पुलाला 'ब्रिज=येस' आणि लेयर १, मेट्रोला लेयर २, आणि तिघांत एकही सामायिक बिंदू नाही. पूल जमिनीला टेकतो त्याच दोन टोकांना जोड. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट मेट्रो भुयारी आहे, तिला उणे लेयर. तिची रेषा तुमच्या पेठांखालूनच जाते, तिला हात लावू नका. स्थानकांची वर येणारी प्रवेशद्वारं मात्र जरूर भरा, लिफ्ट आहे की नाही यासकट.

बदल केल्यावर ओपनस्ट्रीटमॅपच्याच पानावर दोन ठिकाणांमधला मार्ग काढून बघा. रेषा काही मिनिटांत दिसतात, मार्ग मात्र नवीन विदा उचलायला तासांपासून दिवसभर घेतो, लगेच "बिघडलं" म्हणून परत बदलू नका.

---

पर्वती_पायथा

दोन भर.

सदाशिव पेठेच्या दक्षिणेला दांडेकर पुलाकडे पोचलात की आंबिल ओढा नीट काढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगून घरांत शिरला होता. ओढ्याची रेषा पाणी वाहतं त्या दिशेने काढायची, म्हणजे कात्रजकडून मुठेकडे. रस्त्याखालून जातो तिथे 'टनेल=कल्व्हर्ट' आणि लेयर -१. मोरीची रुंदी-उंची मोजता आली तर भरा, काठावरची भिंत कुठे आहे आणि कुठे नाही तेही. वस्तीतले बोळ, जिने, पायऱ्या एकूण एक काढा, पायऱ्यांची संख्याही. पुरात बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. हे काम पावसाळ्याआधी करा. गवत माजलं की काठ दिसत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात: २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकांना असा नकाशा करायला आधी परवानगी काढावी लागत नाही. पण पुढे शहरभर पसराल तेव्हा पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट लागेल. लष्करी आवाराच्या आतलं काही भरू नका, फाटकापाशी फोटो काढू नका, सगळ्यांना खुला असलेला रस्ता तेवढा घ्या. ड्रोनचा विचार मनातून काढा, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे.

---

शिरोरेखा

छापील नकाशा राहिला. ए-० कागद, १:२५०० प्रमाण: २.१ बाय २.९७ किलोमीटर जागा बसते, चार पेठांना पुरून उरते. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे मांडायची संगणक प्रणाली) ओव्हरपासवरून उतरवलेला विदा घ्या, लेबलला 'नेम:एमआर', ते नसेल तर 'नेम'. टंक (फॉन्ट) तिरो देवनागरी मराठी घेतलात तर ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. बारीक अक्षरांना मुक्ता बरा, ६ पॉइंटच्या खाली जाऊ नका, जोडाक्षरं भरतात.

रस्त्यांच्या नावांना 'वक्र' मांडणी देऊ नका. त्यात प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं आणि शिरोरेखा वळणावर तुटते. 'समांतर' निवडा, नाव रस्त्याच्या सरळ तुकड्यावर बसतं. सदाशिव पेठेतले छोटे रस्ते नाव मावण्याएवढे लांब नसतात, तिथे आकडा टाका आणि बाजूला सूची द्या.

पीडीएफ काढताना मजकूर 'आकृती म्हणून' निर्यात करा. छापखान्यात फाइल कोरलड्रॉमध्ये उघडतात आणि टंक नसला की वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतात. आधी ए-४ वर एक कोपरा मूळ प्रमाणात छापून बघा, मग ए-० ला पैसे घाला. खालच्या कोपऱ्यात "© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते" ही ओळ आणि विदा काढल्याची तारीख हवी. श्रेयाची ओळ परवान्याची अट आहे. तारखेची नाही, पण ती नसली की दोन वर्षांनी भिंतीवरचा नकाशा बघून लोक बंद पडलेलं दुकान शोधत फिरतात.